'विधवा' या शब्दात नवरा नाही

एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, भावाच्या लग्नपत्रिकेत आईच्या नावामागे 'श्रीमती' लिहावे की 'गं. भा.', आणि 'धव' म्हणजे नवरा असल्यामुळे 'विधवा' हा शब्दच आता टाकून द्यावा काय. पत्रिकेचे नंतर पाहू. आधी तो 'धव' निकालात काढला पाहिजे, कारण 'वि म्हणजे विना, धव म्हणजे पती, म्हणून विधवा' ही फोड शाळेच्या वर्गांतून, व्यासपीठांवरून आणि स्त्रियांच्या बाजूने तळमळीने लिहिलेल्या लेखांतूनसुद्धा इतक्यांदा कानांवर आली आहे की आता तिची चीड येते.

ऋग्वेदात 'विधवा' आहे, 'अविधवा' आहे. पती या अर्थाचा 'धव' मात्र तेथे कोठेही नाही. वैदिक शब्दांची फोड सांगणाऱ्या 'निरुक्त' या प्राचीन ग्रंथात त्याचा कर्ता यास्क याने 'विधवा' शब्दाचा उलगडा करताना एक सोडून चार वाटा दाखवल्या आहेत. जिचा धाता, म्हणजे आधार, गेला ती. जी थरथर कापते ती. जी सैरभैर धावते ती. आणि सर्वांत शेवटी, 'अपि वा', म्हणजे 'किंवा' म्हणत, 'धव' हे मनुष्याचे नाव आणि त्याच्या वियोगाने ती विधवा. 'मनुष्याचे नाव' एवढेच तो म्हणतो, 'पतीचे' म्हणत नाही. ज्या पर्यायाला खुद्द यास्काने रांगेत शेवटी बसवले, तोच आमच्या कोशकारांनी उचलून एकमेव म्हणून छापावा, हे मला मुळीच मान्य नाही.

खरा धातू 'विध्', म्हणजे उणे पडणे, रिते होणे. लॅटिनमधील 'विदुआ', रशियन 'व्दवा', जर्मन 'विट्वे' आणि इंग्रजी 'विडो' ही सारी याच मुळाची लेकरे आहेत, आणि त्यांच्यापैकी एकीच्याही पोटात नवरा सापडत नाही. ग्रीक 'एइथेओस' हाही याच कुळातला मानतात आणि त्याचा अर्थ तर अविवाहित तरुण असा आहे. मूळ अर्थ एकटे पडलेले माणूस, इतकाच. शब्द समजेनासा झाला, तेव्हा व्याकरणाने तो मधोमध चिरला, उरलेल्या तुकड्याला 'धव' म्हटले आणि पतीच्या जागी बसवले. पुढे अमरकोशाने 'धवः प्रियः पतिर्भर्ता' अशी त्याची नोंद केली, मग त्याला 'स' लावून 'सधवा' घडली, आणि मूळच्या मधूपासून आलेल्या 'माधव' या नावाचीसुद्धा 'मा म्हणजे लक्ष्मी, तिचा धव' अशी फोड टीकाकारांनी केली. जो नवरा शब्दात नव्हताच, त्याच्या नावाने एवढा मोठा संसार उभा राहिला.

उलट 'विधुर' पाहा. आज आपण तो बायको वारलेल्या पुरुषालाच लावतो, पण कालिदासाच्या मेघदूतात 'विरहविधुरा' आहे ती पत्नी, विरहाने व्याकूळ झालेली.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आपला जुना मराठी शब्द 'अहेव'. जिचा नवरा हयात आहे ती अहेव. 'अहेवपण' आणि 'अहेव मरण' हे शब्द आजीच्या तोंडी असत. हा शब्द 'अविधवा'पासून प्राकृत 'अविहवा'मार्गे आला आहे आणि अवधीतला 'अहिवात' हा त्याचा भाऊबंद आहे. संसारात सुखाने नांदणाऱ्या बाईलाही भाषेने नाव दिले ते 'अजून विधवा न झालेली' असे. भीती आधी आली, नाव नंतर पडले, असे माझे ठाम मत आहे आणि त्यावर माझ्याशी वाद घालणाऱ्या मित्रांनी अद्याप दुसरे पटेलसे कारण दिलेले नाही. 'सवाष्ण' हा शब्द तुलनेने मोकळा आहे. तो 'सुवासिनी'पासून आला, आणि मनुस्मृती सुवासिनींना, कुमारिकांना, आजाऱ्यांना व गर्भिणींना अतिथीच्याही आधी जेवू घालायला सांगते.

या 'अविधवा'वर माणसांचे जीव टांगलेले होते, हे विसरता येत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अठराव्या सूक्तात 'इमा नारीरविधवाः' अशी सुरू होणारी ऋचा आहे. या, ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रियांनी अंजन लावून पुढे व्हावे, असे ती सांगते. तिच्या शेवटच्या 'अग्रे'चे, म्हणजे 'पुढे'चे, 'अग्ने' करून, म्हणजे त्यात अग्नी आणून, सतीला वेदाचा आधार दाखवला गेला. पण अक्षर बदलणाऱ्यांना पहिल्याच ओळीतला 'अविधवाः' बदलता आला नाही; ती ऋचा विधवेला उद्देशून नाहीच. विधवेशी बोलते ती पुढची ऋचा, 'उदीर्ष्व नार्यभि जीवलोकम्', म्हणजे बाई, ऊठ, जिवंतांच्या जगाकडे ये. सतीबंदीचा कायदा व्हायला 1829 साल उजाडावे लागले आणि विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्ये आला. शब्द नीट वाचला असता तर किती जीव वाचते, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

तेव्हा 'विधवा' शब्द टाकण्याचे कारण नाही. 2023 मध्ये राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी त्याऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याचा प्रस्ताव पुढे केला, त्याला स्त्रियांकडूनच विरोध झाला आणि तो योग्य होता. जुन्या पत्रांत सवाष्णीला 'वज्रचुडेमंडित' आणि विधवेला 'गंगाभागीरथीसमान' लिहीत, म्हणजे मायना वाचताच बाईचा नवरा आहे की गेला हे कळे. आजची पत्रिका घ्या: 'चि. सौ. कां.', 'सौ.', 'गं. भा.' या तीन खुणांनी प्रत्येक बाईची वैवाहिक स्थिती जाहीर होते, आणि तिच्या शेजारी विवाहित, अविवाहित, विधुर असे सारे पुरुष एका 'श्री.'खाली निवांत बसतात. 'श्रीमती' म्हणजे श्री असलेली, त्यात पतीचा काही संबंध नाही. ते विधवेपुरते राखून ठेवणे ही आपल्याकडची चुकीची रूढी आहे. आईच्या नावामागे 'श्रीमती' लिहा, आणि त्याच पत्रिकेत काकूंच्या व मावशीच्या नावामागेही तेच लिहा.