त्रुटी सापडूनही बिल्ड यशस्वी का?

प्रश्न : आमच्या सीआय पाइपलाइनमध्ये (कोडमधील प्रत्येक बदलानंतर आपोआप बिल्ड व तपासणी करणारी साखळी) कंटेनर इमेज (अ‍ॅप व त्याला लागणारे घटक एकत्र बांधलेले पॅकेज) तपासण्यासाठी ट्रिव्ही हे सुरक्षा-त्रुटी शोधणारे साधन बसवले आहे. अहवालात गंभीर त्रुटी दिसतात, तरीही बिल्ड यशस्वी ठरतो. असे का होते?

उत्तर : त्रुटी सापडल्या तरी ट्रिव्ही मूळ सेटिंगनुसार एक्झिट कोड 0 (काम संपताना दिला जाणारा ‘यशस्वी’ असा संकेत) परत करते आणि पाइपलाइन तेवढेच पाहते, त्यामुळे एक्झिट कोड 1 (म्हणजे ‘अयशस्वी’) मागणारा पर्याय स्पष्टपणे द्यावा लागतो. मात्र तो गंभीरतेच्या सर्व पातळ्यांना सरसकट लावू नये. सुरुवातीला ‘क्रिटिकल’ आणि फार तर ‘हाय’ याच पातळ्यांवर बिल्ड अडवावा व ज्यांची दुरुस्त आवृत्ती अद्याप आलेलीच नाही, अशा त्रुटी त्यातून वगळाव्यात, अन्यथा विकासकांच्या हाती करण्यासारखे काहीच नसताना काम अडून राहते आणि चार दिवसांत कोणीतरी तपासणीच बंद करून टाकते (हे हमखास घडते). तपासणीची पायरी इमेज तयार झाल्यानंतर, पण रजिस्ट्रीत (इमेज साठवण्याच्या जागी) पाठवण्यापूर्वी असावी. अनेक त्रुटी मूळ इमेजमधूनच (जिच्यावर आपली इमेज उभारलेली असते) येतात. ती अद्ययावत किंवा आटोपशीर घेतली की यादी बरीच आखडते. रजिस्ट्रीतील जुन्या इमेजही रोज तपासाव्यात, कारण डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या जावा लायब्ररीतील लॉग4शेल ही त्रुटी उघड झाली तेव्हा आदल्या दिवशी निर्दोष ठरलेल्या इमेज एका रात्रीत धोकादायक ठरल्या होत्या.