खवल्यांच्या माशावरून आपल्या त्वचेबद्दल काय कळणार?

तुम्ही विचारलंय की माशाला ना केस ना घाम, वर अंगभर खवले. मग त्वचेच्या संशोधनात उंदराऐवजी झेब्राफिश हा छोटा पट्टेदार मासा कसा चालतो? मी काही वर्षं याच माशाच्या त्वचेवर काम केलंय, म्हणून लिहिते.

चालतो, कारण आत काय घडतंय ते दिसतं. अंडी आईच्या शरीराबाहेर वाढतात आणि भ्रूण काचेसारखा आरपार असतो. सकाळी टाकीवरचे दिवे लागले की मासे अंडी घालतात. दुसऱ्या दिवशी सकाळी भ्रूणाच्या डोळ्यात काळा रंग धरू लागतो, मग पाठीवर ठिपके उमटतात. हे मी शेकडो वेळा पाहिलं, तरी दर वेळी सूक्ष्मदर्शकावरून उठवत नसे. तेव्हा बाह्यत्वचा जेमतेम दोन थरांची असते, त्यामुळे जिवंत पेशी सरकताना, जखमेकडे धावताना पाहता येतात. उंदराच्या बाबतीत हे फार अवघड.

रंगाचंच उदाहरण घ्या. ‘गोल्डन’ नावाच्या झेब्राफिशचे पट्टे फिकट असतात. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या कीथ चेंग यांच्या गटाने २००५ मध्ये त्यामागचं जनुक शोधलं, एसएलसी२४ए५. माणसाच्या त्याच जनुकाचा आरएनए, म्हणजे जनुकाचा निरोप पेशीत नेणारा रेणू, या माशाच्या भ्रूणात टोचला, तर गडद रंग परत आला! त्याच अभ्यासात कळलं की या जनुकातला डीएनएच्या एका अक्षराचा बदल युरोपीय लोकांच्या उजळ रंगामागचं एक मोठं कारण आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या २०१३ च्या अभ्यासात तोच बदल भारतीय उपखंडातही सापडला, आणि दोन्हीकडे तो एकाच मुळातून आलेला. गंगेच्या खोऱ्यातल्या बोटभरही नसलेल्या माशाने आपल्या रंगाचा एवढा माग काढून दिला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठीही तो वापरतात. मुंबईत टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत महेंद्र सोनवणे यांचा गट याच माशाच्या बाह्यत्वचेच्या पेशी एकमेकींना आणि खालच्या पडद्याला कशा धरून राहतात, हे शोधतो. ही पकड सुटली की माणसात कातडीला फोड येणारे आनुवंशिक आजार होतात.

आता तुमची शंका. ती रास्त आहे. आपल्या त्वचेवर मृत पेशींचा कोरडा, चिवट थर असतो. माशाच्या त्वचेवर तो नाही, वर बुळबुळीत श्लेष्मा. घर्मग्रंथी, तैलग्रंथी नाहीत. म्हणून मुरुम, केसगळती, कोरडी त्वचा यांसाठी हा मासा कामाचा नाही. त्याची जखम तर जवळजवळ व्रण न ठेवता भरते. आपली का भरत नाही, हे शोधायला ते उपयोगी. पण आपल्या मलमाची परीक्षा त्यावर होत नाही.

उंदराला ‘पर्याय’ म्हणजे प्राण्याविना प्रयोग, असंही समजू नका. स्वतः खाऊ लागण्याआधीची पिल्लं युरोपात प्राणिप्रयोगांच्या कायद्याबाहेर धरतात, पण मोठ्या माशाला वेदना होतात आणि त्याला भूल द्यावीच लागते.

मला खरी चीड येते ती गोरेपणाच्या उत्पादनांची. ‘झेब्राफिशवर रंग कमी झाला’ असं कुठे वाचलंत, तर रसायन पाण्यात विरघळवून दिलं होतं का ते बघा. तसं असेल तर ते पिल्लाच्या सगळ्या अंगात शिरलेलं असतं. क्रीम लावल्यावर ते तुमच्या कातडीच्या मृत थरातून आत जाईल का, आणि गेलं तर सुरक्षित असेल का, हे त्या प्रयोगात तपासलेलंच नसतं.