सरासरी पास, तरी प्लेट नापास?

प्रश्न : वाळूजमध्ये आमचं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. ई २५० सी या दर्जाच्या पोलादी प्लेटच्या चार्पी टेस्टला (खाच पाडलेला तुकडा हातोड्याच्या एका घावात तोडून लागलेली ऊर्जा मोजतात) उणे २० अंशांवर तीन तुकड्यांना ३८, ३५ आणि १४ ज्यूल आले. सरासरी २९, लागतात २७. तरी इन्स्पेक्टरनं प्लेट अडवली. हे बरोबर का?

उत्तर : बरोबर आहे. सरासरी २७ हवीच, पण एकही तुकडा तिच्या ७० टक्क्यांखाली, म्हणजे १८.९ ज्यूलखाली जाता कामा नये. तुमचा १४ तिथं अडकला.

आता तो तुटलेला तुकडा हातात घ्या. तोंड साखरेसारखं चमकत असेल तर तुकडा खरोखर ठिसूळ तुटलाय. मळकट, तंतुमय आणि कडेला दबलेलं असेल तर आकडाच पुन्हा तपासा. मग खाच भिंगाखाली बघा : खोली २ मिमी, कोन ४५ अंश, तळाची त्रिज्या ०.२५ मिमी. तळाशी ब्रोचचा (खाच पाडायच्या दातेरी हत्याराचा) ओरखडा असला तर आकडा पडतो. तुकडा गॅसकटिंगच्या कडेलगत काढला असेल तर तोही भरवशाचा नाही. तापलेला पट्टा सोडून आतून काढा.

लॅबच्या बाकीच्या चुका बहुधा आकडा फुगवतात. बाथमधून (तुकडे गार करायच्या थंड द्रवातून) काढून ५ सेकंदांत घाव बसला नाही तर तुकडा तापतो, आपल्याकडच्या मे महिन्यात तर जास्तच. चिमटाही बाथमध्येच गार करा, आणि तुकडा किमान ५ मिनिटं बुडवून ठेवा. खाच हातोड्याच्या मध्यावर नसली तरी ज्यूल वाढतात. त्यामुळे ३८ आणि ३५ वरही डोळे झाकून विसंबू नका.