पडद्यावर नाव नसलेला माणूस

प्रश्न : जाहिरातपटांची निर्मिती करणारे आमचे ज्येष्ठ सहकारी नुकतेच गेले. स्मरणपुस्तिकेसाठी आठवणी मागवल्या, पण ‘मनमिळाऊ’, ‘शांत’, ‘कामात चोख’ यापलीकडे कुणी जात नाही. काय करावं?

उत्तर : दोष लिहिणाऱ्यांचा नाही, मागणीचा आहे. ‘चार शब्द लिहा’ म्हटलं की विशेषणंच येतात. त्यातून निर्मात्याचं निम्मं काम म्हणजे न घडलेल्या गोष्टी : न रखडलेलं शूटिंग, न फुगलेला खर्च, न झालेला अपघात. खोदून विचारल्याशिवाय त्या कुणाला आठवत नाहीत.

म्हणून प्रत्येकाला त्याच्या खात्याचा प्रश्न विचारा. कॅमेरामनला : तुमच्या यादीतलं काय त्यांनी कापलं, आणि त्याऐवजी काय दिलं? कलादिग्दर्शकाला : सेटसाठी दिवस किती मागितले, मिळाले किती? दिग्दर्शकाला : शिफ्ट संपत आली असताना त्यांनी कोणता शॉट सोडायला लावला, आणि नंतर एडिटवर त्याची उणीव भासली का? लाइटमन आणि स्पॉटबॉयना तर आवर्जून विचारा. पैसे कधी आणि कसे हातात पडायचे, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगणार नाही.

लिहून मागू नका. परवानगी घेऊन दहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड करा आणि त्यातला एकच प्रसंग दोनशे शब्दांत उतरवा. मजकूर छापण्याआधी सांगणाऱ्याला वाचून दाखवा.

एक काळजी घ्या. जाहिरात एजन्सीचा प्रोड्यूसर वेगळा आणि फिल्म बनवणाऱ्या प्रॉडक्शन हाउसचा वेगळा. पहिला प्रॉडक्शन हाउसेसकडून कोटेशन मागवतो आणि क्लायंटला उत्तर देतो. दुसरा त्या आकड्यात फिल्म उभी करतो. तुमच्या सहकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना काम केलं असेल तर कोणती आठवण कुठल्या बाजूची, ते लिहा. नाहीतर एकजण ‘खर्चाला कात्री लावायचे’ म्हणेल, दुसरा ‘बजेट वाढवून आणायचे’ म्हणेल, आणि वाचणाऱ्याला दोघांपैकी एक खोटा वाटेल.

प्रश्न : त्यांच्या फिल्म्सची यादी करतोय. एकाच फिल्मवर तिघेजण हक्क सांगतात. खरं कसं ठरवायचं?

उत्तर : टीव्हीच्या जाहिरातीला श्रेयनामावली नसते, त्यामुळे हा घोळ ठरलेलाच. स्मरणशक्तीवर विसंबू नका, कागद काढा : एस्टिमेट, कॉलशीट (शूटिंगच्या दिवशी कोण, कुठे, किती वाजता याचा कागद), पीपीएमची म्हणजे शूटिंगआधीच्या बैठकीची पुस्तिका. मास्टर टेप, म्हणजे तयार फिल्मची मूळ प्रत, असेल तर ती सुरुवातीपासून बघा. आधी रंगांच्या उभ्या पट्ट्या आणि सलग ‘टूं’ असा सूर. मग पाटी : उत्पादन, फिल्मचं नाव, लांबी, एजन्सी, तारीख. त्यानंतर उलटी मोजणी आणि काळा पडदा. पाटीवरची तारीख बहुधा मास्टरची असते, शूटिंगची नव्हे. शूटिंगचा दिवस कॉलशीटवर मिळेल. एकाच फिल्मच्या 60, 30, 20 आणि 10 सेकंदांच्या आवृत्त्या सापडतील, त्या यादीत एकच धरा. दोन कागद जुळले तर नोंद पक्की. आणि कॉलशीट जशीच्या तशी छापू नका; तिच्यावर सगळ्या युनिटचे फोन नंबर असतात.

प्रश्न : त्यांच्या कपाटात 35 मिमीचे छोटे डबे, बीटाकॅम (व्यावसायिक व्हिडिओच्या) टेप आणि हार्ड डिस्क आहेत. एक टेप संगणकाची फाइल करून आणली, तर हलत्या चित्राला दातेरी कडा आणि निवेदनाचा आवाज एकाच बाजूने.

उत्तर : दोन्ही तक्रारी नेहमीच्या आहेत. पाल (आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या) पद्धतीच्या टेपवर सेकंदाला 25 चौकटी, पण प्रत्येक चौकट दोन अर्ध्यांत नोंदलेली असते. एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. संगणकाने ते अर्धे एकत्र दाखवले की कडा दातेरी होतात. आधी डीइंटरलेस करून, म्हणजे प्रत्येक अर्ध्याची वेगळी चौकट बनवून, सेकंदाला 50 पूर्ण चौकटी करा आणि मगच चित्र मोठं करा. क्रम उलटा झाला तर ते दाते कायमचे चित्रात मुरतात. जुन्या टीव्हीच्या आकाराचं 4:3 चित्र ताणून रुंद पडदा भरू नका. 1080 ओळींच्या पडद्यावर ते 1440 रुंद ठेवा, बाजू काळ्या राहू द्या. ज्यांनी फ्रेमसाठी तासन्‌तास घालवले, त्यांच्या फिल्ममधले चेहरे फुगवणं बरं नव्हे.

आवाजाचं कारण बहुतेक हे : एका ट्रॅकवर पूर्ण मिक्स, दुसऱ्यावर निवेदनाविना संगीत आणि इफेक्ट्स. दुसरी भाषा चढवता यावी म्हणून अशी सोय ठेवत. मिक्सचा ट्रॅक तेवढा घ्या आणि दोन्ही बाजूंना द्या. शेवटी सगळ्या फिल्म्सची पातळी एकसारखी करा, उदाहरणार्थ -23 एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप). नाहीतर एक कुजबुजेल आणि पुढची सभागृह दणाणून सोडेल.

टेप यंत्रात घालण्यापूर्वी लाल खटका आत दाबा, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्डिंग होणार नाही. 35 मिमीच्या डब्याला व्हिनेगरचा वास आला तर तो बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि प्रोजेक्टरवर मुळीच चढवू नका. तो वास फिल्म कुजू लागल्याची खूण; अशी फिल्म आकसते आणि आकसलेल्या फिल्मची कडेची भोकं फाटतात. थेट स्कॅनिंगला द्या. 30 सेकंदांची फिल्म म्हणजे सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने 720 चौकटी, जेमतेम 45 फूट. एवढीशी गुंडाळी तुकडा समजून फेकली जाते, म्हणून प्रत्येक डबा उघडून बघा. निगेटिव्हवर आवाज नसतो, तो वेगळा शोधावा लागेल. हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा लावून उरलंसुरलंही जाईल.

प्रश्न : हे सगळं इंटरनेटवर टाकलं तर चालेल?

उत्तर : टेप घरात आहे म्हणजे हक्क घरात आहेत असं नाही. फिल्म बहुधा क्लायंटच्या मालकीची असते, आणि संगीत व कलाकारांचे करार ठरावीक मुदतीचे आणि ठरावीक प्रदेशापुरते असतात. क्लायंट आणि एजन्सीला फिल्मवार यादी पाठवून लेखी होकार मागा. संगीत आणि कलाकारांचे हक्क अजून चालू आहेत का, तेही त्यांनाच विचारा. निमंत्रितांच्या सभेत दाखवण्यासाठीही कळवलेलं बरं. होकार येईना, तर त्या फिल्मची पुस्तिकेत फक्त नोंद ठेवा : साल, लांबी आणि युनिटमधल्या सगळ्यांची नावं.