होम लोन लवकर फेडायचंय आणि लाईट बिलही कमी करायचंय, सुरुवात कुठून करू?

दोन्ही एकत्रच करा, बिलात जे वाचेल ते त्याच महिन्यात लोनच्या मुद्दलात टाका, नाहीतर ते कुठे खर्च होतं कळतही नाही. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्यातलं बरंचसं व्याजच असतं म्हणून जादा पैसे तेव्हाच भरलेले बरे. २० वर्षांचं लोन ८.५ टक्क्यांनी असेल आणि दरवर्षी एकच हप्ता जास्त भरलात तरी ते ३ वर्षांहून जास्त आधी संपतं, फक्त बँकेला हप्ता नको मुदत कमी करा असं स्पष्ट सांगा आणि प्रीपेमेंट चार्ज, म्हणजे मुदतीआधी पैसे भरल्याबद्दल लागणारं शुल्क, आहे का तेही विचारा. विजेत आधी पाणी तापवणं, एसी, हीटर बघा, खरं बिल तिथेच वाढतं. जुने पिवळे बल्ब असतील तर आजच एलईडी लावा. सोलरसाठी मात्र नवीन महागडं कर्ज काढू नका प्लीज.