परवान्यासाठी थांबलेला गोलरक्षक

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा नातू एकोणीस वर्षांचा असून ऐरोलीच्या एका क्लबकडे गोलरक्षक आहे. मात्र गेली दोन वर्षे तो राखीव म्हणून बाहेरच बसतो. त्याच्या खोलीत ब्रॅड फ्रीडेल या अमेरिकन गोलरक्षकाचे जुने छायाचित्र लावलेले आहे. या खेळाडूला इंग्लंडमध्ये नुसते पाऊल ठेवायलाच चार-पाच वर्षे लागली, असे नातू सांगतो. हे खरे आहे का? आणि इतक्या उशिरा पोहोचून त्याने काय मिळवले? (एक आजोबा, कोपरी, ठाणे पूर्व)

उत्तर : आजोबा, नातवाची माहिती खरी आहे, आणि भिंतीवर लावण्यासाठी त्याने माणूसही नेमका निवडला आहे. फ्रीडेलचा जन्म १९७१ मध्ये ओहायो राज्यातील लेकवुड येथे झाला. शाळेत असताना तो बास्केटबॉल आणि टेनिसही उत्तम खेळत असे. पुढे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडून खेळताना महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हर्मन करंडक त्याने १९९२ मध्ये पटकावला. एवढे यश पदरी असलेल्या तरुणाला खेळायला मैदान कमी पडू नये, असे आपल्याला वाटेल. पण अमेरिकेतील जुनी व्यावसायिक लीग १९८४ च्या हंगामानंतर बंद पडली होती, आजची मेजर लीग सॉकर १९९६ मध्ये सुरू व्हायची होती, आणि या मधल्या बारा वर्षांत महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या अमेरिकन खेळाडूला परदेशाची वाट धरण्यावाचून फारसा पर्याय नव्हता.

फ्रीडेलने इंग्लंडची वाट धरली आणि तो कामाच्या परवान्यापाशी अडला. युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूला परवाना देताना तो आपल्या राष्ट्रीय संघातील प्रस्थापित खेळाडू आहे का, त्याने देशाचे पुरेसे सामने खेळले आहेत का, हे पाहिले जात असे. गोलरक्षकाच्या बाबतीत ही अट अधिक जाचक ठरते, कारण संघात त्याची जागा एकच असते आणि दुसऱ्या क्रमांकाचा गोलरक्षक कितीही चांगला असला तरी त्याच्या नावावर सामने साठत नाहीत. १९९४ चा विश्वचषक अमेरिकेतच झाला, परंतु त्या संघात टोनी मिओला पहिला गोलरक्षक होता आणि फ्रीडेल राखीव. आधी नॉटिंगहॅम फॉरेस्ट, मग न्यूकॅसल आणि त्यानंतर संडरलंड, असे तीन क्लब त्याला घ्यायला तयार असूनही परवाना मिळाला नाही. मधल्या काळात तो डेन्मार्कच्या ब्राँडबी क्लबमध्ये राहिला, तुर्कस्तानात गॅलाटासरायकडून खेळला आणि मायदेशी परतून कोलंबस क्रू संघाकडून १९९७ चा लीगमधील सर्वोत्तम गोलरक्षक ठरला. अखेर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लिव्हरपूलने त्याला घेतले. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

आपल्या नातवाने पुढचा भाग विशेष लक्ष देऊन वाचावा. इतक्या खटपटीने मिळवलेल्या लिव्हरपूलमध्ये त्याला जवळजवळ तीन वर्षांत लीगचे अवघे २५ सामने मिळाले. म्हणजे परवान्यासाठी थांबून झाले आणि मग बाहेर बसून थांबणे सुरू झाले. मी स्वतः ठाण्याच्या मैदानांवर काही वर्षे गोल राखला आहे, त्यामुळे राखीव गोलरक्षकाची दुपार मला चांगली ठाऊक आहे. राखीव आघाडीवीराला निदान शेवटची दहा मिनिटे मिळण्याची आशा असते. राखीव गोलरक्षक मात्र सामन्यापूर्वी पहिल्या गोलरक्षकाला पन्नास-साठ चेंडू मारून त्याचे हात गरम करून देतो, हातमोजे मांडीवर ठेवून नव्वद मिनिटे बसतो आणि आपण खेळावे यासाठी आपल्याच सहकाऱ्याला दुखापत व्हावी लागेल, हा विचार मनात येऊ नये म्हणून झगडत राहतो. या बसण्याला नातू दोन वर्षे टिकला आहे, त्याबद्दल त्याला घरातून शाबासकी मिळायला हवी.

फ्रीडेलचे दिवस २००० च्या नोव्हेंबरमध्ये पालटले. गॅलाटासरायमध्ये त्याचे प्रशिक्षक असलेले ग्रॅम सूनेस आता ब्लॅकबर्न रोव्हर्सचे व्यवस्थापक होते आणि त्यांनी त्याला दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या आपल्या संघात बोलावून घेतले. त्याच हंगामात ब्लॅकबर्नला प्रीमियर लीग या सर्वोच्च श्रेणीत बढती मिळाली. फेब्रुवारी २००२ मध्ये कार्डिफला झालेल्या लीग चषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी टॉटनहॅमला २-१ असे हरवले. त्याच वर्षीच्या विश्वचषकात दक्षिण कोरिया आणि पोलंड या दोघांविरुद्ध फ्रीडेलने पेनल्टी अडवली आणि अमेरिकेने उपांत्यपूर्व फेरी गाठली. पुढच्या हंगामात इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने मतदानाने निवडलेल्या वर्षाच्या संघात गोलरक्षकाची जागा त्याला मिळाली.

माझ्या दृष्टीने मात्र त्याची खरी थोरवी यानंतरची आहे. १४ ऑगस्ट २००४ पासून तो प्रीमियर लीगमध्ये सलग ३१० सामने खेळला. हिशेब मांडून पाहिला की हा आकडा किती अवघड आहे ते कळते. एका हंगामात ३८ सामने असतात. ब्लॅकबर्नकडून चार पूर्ण हंगाम, ॲस्टन व्हिलाकडून तीन, टॉटनहॅमकडून एक आणि वर आणखी सहा सामने, एवढ्या काळात ना दुखापतीने एक सामना हुकला, ना ताप-सर्दीने, ना बंदीमुळे. मार्च २००९ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळाले होते, परंतु अपील मान्य होऊन ते रद्द झाले आणि मालिका अखंड राहिली. ती संपली ७ ऑक्टोबर २०१२ रोजी, टॉटनहॅमने ह्यूगो लॉरिसला उभे केले तेव्हा, आणि समोरचा संघ होता त्याचा जुना ॲस्टन व्हिला. त्या दिवशी फ्रीडेल एक्केचाळीस वर्षांचा होता. मालिका सुरू झाली तेव्हा तेहेतीस. ज्या वयात बहुतेक आघाडीवीर निवृत्तीची भाषा बोलू लागतात, त्या वयात या माणसाचा विक्रम सुरू झाला.

गोलरक्षक उशिरा पिकतो, याला कारण आहे. त्याचे पाय इतरांइतके झिजत नाहीत हे तर झालेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याचे निम्मे काम चेंडू मारला जाण्यापूर्वीच झालेले असते. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलासमोर मारलेला चेंडू, येताना बाहेर पडायचे की रेषेवर थांबायचे, समोरच्याच्या खांद्यावरून तो कोणता कोपरा साधणार हे ओळखून अर्धे पाऊल आधीच सरकायचे, बचावफळीला ओरडून जागेवर आणायचे, या गोष्टी शेकडो सामने अंगावर घेतल्यावरच अंगवळणी पडतात. फ्रीडेल मे २०१५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर प्रीमियर लीगचे ४५० सामने होते. आणि हो, एक गोलही होता. फेब्रुवारी २००४ मध्ये चार्लटनविरुद्ध ब्लॅकबर्न १-२ असे मागे असताना नव्वदाव्या मिनिटाला तो कॉर्नरसाठी थेट पुढे धावला आणि गोलजवळ पायाशी आलेला चेंडू त्याने जाळ्यात ढकलला. बरोबरी झाली, पण पुढच्या काही क्षणांतच चार्लटनच्या क्लाउस येन्सनने लांबून फटका मारून सामना घेतला. आपला गोल साजरा करून परतलेल्या फ्रीडेलला लगेच स्वतःच्या जाळ्यातून चेंडू काढावा लागला.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याला मान उडवण्याची आणि डोळे मिचकावण्याची सवय आहे, असे आम्ही समजत होतो. डॉक्टरांनी ते टुरेट सिंड्रोम असल्याचे सांगितले. त्याला गोलात उभे राहायला फार आवडते, पण त्याच्या शाळेतील क्रीडाशिक्षक म्हणतात की असे मूल गोलात चालणार नाही. टिम हॉवर्ड या गोलरक्षकाला हाच विकार होता असे ऐकले. कृपया सविस्तर लिहावे. (एक आई, वाशी)

उत्तर : ताई, आपण ऐकले ते खरे आहे. न्यू जर्सीत १९७९ मध्ये जन्मलेल्या टिम हॉवर्डला साधारण आपल्या मुलाच्याच वयात या विकाराचे निदान झाले. हा मज्जासंस्थेचा विकार आहे; स्नायू आपोआप उडतात, काही वेळा तोंडून आवाज निघतात, परंतु त्याचा बुद्धीशी संबंध नसतो, आणि एखाद्या कामात मन पूर्ण गुंतले की अनेकांच्या हालचाली त्या वेळेपुरत्या कमी होतात. हॉवर्डनेही हाच अनुभव सांगितला आहे : चेंडू दूर असताना अंग उडते, पण प्रतिस्पर्धी गोलासमोर आला की शरीर त्याचे ऐकते. आपण औषधे घेत नाही, असेही त्याने सांगितले आहे. परंतु तो त्याचा निर्णय होता. आपल्या मुलाच्या औषधांविषयी त्याचे डॉक्टर सांगतील तेच प्रमाण मानावे, ही कळकळीची विनंती.

२००३ मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला घेतले, तेव्हा इंग्लंडमधील काही वृत्तपत्रांनी त्याच्या विकारावरून असभ्य मथळे छापले. त्याने पहिल्याच हंगामात वर्षाच्या संघात स्थान मिळवले आणि एफए चषकही जिंकला. तरीही त्या हंगामाची आठवण निघाली की लोक मार्च २००४ मधील पोर्तुगालच्या पोर्तो क्लबविरुद्धचा सामनाच काढतात. अखेरच्या मिनिटाला आलेली फ्री किक हॉवर्डने अडवली खरी, पण चेंडू बाजूला न जाता समोरच पडला आणि पोर्तोच्या कोस्टिन्याने तो आत मारला; युनायटेड चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेतून बाहेर गेले. अडवलेला चेंडू गोलापासून बाहेरच्या बाजूला ढकलावा, हे आपल्याकडच्या बारा वर्षांच्या मुलालाही पहिल्या आठवड्यात शिकवतात. ओल्या चेंडूवर मनगट जरासे ढिले पडले की तो पुढेच पडतो. जुलैत खिडकीच्या ग्रिलला तीन दिवस टांगूनही न वाळलेले हातमोजे घालून खेळलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहे. हॉवर्डकडून ते नेमके तेव्हा घडले, आणि पुढच्या हंगामात तो संघात आत-बाहेर होत राहिला.

२००६ मध्ये तो एव्हर्टनकडे गेला आणि तिथे दहा वर्षे राहिला. एप्रिल २००९ मध्ये एफए चषकाच्या उपांत्य सामन्यात समोर तोच मँचेस्टर युनायटेड होता. सामना गोलशून्य राहिला आणि पेनल्टींवर गेला. हॉवर्डने बर्बाटोव्ह आणि फर्डिनंड या दोघांच्या पेनल्टी अडवल्या आणि एव्हर्टन अंतिम फेरीत पोहोचले. २०१४ च्या विश्वचषकात बेल्जियमविरुद्ध अमेरिका जादा वेळेत हरली, पण त्या रात्री हॉवर्डच्या नावावर १६ बचाव नोंदले गेले आणि त्याचे नाव घरोघरी पोहोचले. मला स्वतःला त्याच्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो जानेवारी २०१२ मधील एका प्रसंगामुळे. बोल्टनविरुद्ध त्याने स्वतःच्या गोलापासून लांबवर मारलेला चेंडू वाऱ्यावर स्वार होऊन एक टप्पा घेत समोरच्या गोलरक्षकाच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. सारे मैदान नाचत असताना हॉवर्डने आनंद साजरा केला नाही, कारण समोरच्या गोलरक्षकावर काय बेतले आहे हे त्याला ठाऊक होते.

क्रीडाशिक्षकांना भेटताना डॉक्टरांचे पत्र बरोबर न्यावे, आणि मुलाला फक्त चार सराव सामन्यांत उभे करून पाहावे, एवढेच मागावे. चालेल की नाही, ते त्याचे हात ठरवतील.

प्रश्न : मी सोळा वर्षांचा असून आजवर बास्केटबॉल खेळत आलो. आता गोलरक्षक व्हायचे आहे. उशीर झाला का? आणि भारतीय गोलरक्षक इंग्लंडमध्ये खेळू शकतो का? (एक विद्यार्थी, कळवा)

उत्तर : उशीर झालेला नाही. अमेरिकन गोलरक्षक मॅट टर्नर बास्केटबॉल आणि बेसबॉल खेळत वाढला आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास फुटबॉलकडे वळला. महाविद्यालयात असताना एका सामन्यात आडव्या खांबाला लागून उंच उडालेला चेंडू झेलताना त्याच्या हातून निसटून स्वतःच्याच गोलात गेला, आणि ती चित्रफीत अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर फजितीचा नमुना म्हणून दाखवली गेली. पुढे व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीतही त्याला कोणी घेतले नाही. तोच टर्नर २०२२ मध्ये इंग्लंडच्या आर्सेनल क्लबमध्ये दाखल झाला आणि त्याच वर्षीच्या विश्वचषकात इंग्लंडला त्याने एकही गोल करू दिला नाही. बास्केटबॉलमुळे उंच चेंडूचा अंदाज आणि गर्दीत उडी मारण्याची सवय तुझ्याकडे आधीपासूनच आहे. पायाने चेंडू खेळवणे मात्र आजपासूनच शिक, कारण हल्लीच्या गोलरक्षकाला त्यावाचून गत्यंतर नाही आणि उशिरा आलेल्यांचे तिथेच अडते.

परवान्याचा प्रश्न कठीण आहे. २००९ मध्ये सुनील छेत्रीने लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी करार केला होता, परंतु भारत जागतिक क्रमवारीत पहिल्या ७० देशांत नसल्यामुळे त्याला परवाना नाकारला गेला. २०२१ पासून तिथे गुणांची पद्धत आहे : राष्ट्रीय संघासाठी खेळलेले सामने, आपण ज्या लीगमध्ये खेळतो तिचा दर्जा आणि तिथे खेळलेली मिनिटे यांचे गुण मिळून १५ भरल्यास परवाना आपोआप मिळतो. म्हणून जिथे प्रत्यक्ष खेळायला मिळेल अशी युरोपातील दुसरी लीग आधी गाठणे हा शहाणपणाचा मार्ग ठरतो. भारताचा गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू नॉर्वेच्या स्टॅबेक क्लबकडून खेळला तो असाच. इंग्लंडपर्यंत पोहोचलेली आपली गोलरक्षक हवी असेल तर अदिती चौहानची माहिती काढ. ती लफबरो विद्यापीठात शिकायला गेली होती, आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघाच्या गोलात उभी राहिली.