चेक इंजिनचा दिवा बॅटरीची वायर काढून घालवावा का?

वर्ध्या रोडने बुटीबोरीला रोज ये-जा करताना पेट्रोल गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागून राहतो, तो बॅटरीची वायर काढून घालवावा का, असे आपण विचारले आहे. कृपया तसे करू नका, कारण त्याने दिव्यासोबत दोषाचा कोड आणि त्या क्षणी नोंदलेले इंजिनचे तापमान, वेग व भार हे पुरावेही पुसले जातात.

दिवा लुकलुकत असेल तर गाडी लगेच बाजूला घ्या. अशा वेळी सहसा मिसफायर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणे, होत असतो; न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, जाळून टाकते, आणि तो फार महाग पडतो. दिवा स्थिर असेल तर स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले दोषाचे कोड वाचणारे यंत्र, जोडून कोड लिहून घ्या. माझ्या गाडीत गेल्या मे महिन्यात पी०३०१, म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, निघाला होता. गॅरेजवाले इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग) बदलायला निघाले होते, पण इंजिन थंड झाल्यावर पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरची इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) अदलाबदल करून गाडी चालवली, तेव्हा कोड पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, झाला आणि दोष कॉइलचाच असल्याचे स्पष्ट झाले. दुरुस्तीनंतरच स्कॅनरने कोड पुसावा. तोच कोड काही दिवसांत परतला तर मूळ दोष अजून तसाच आहे.